बुटांची तोंडं दाराकडे

३ डिसेंबर, शुक्रवार
आधी कालची चूक दुरुस्त करते. 'दर्ग्याच्या लंगरच्या स्वयंपाकघरात माझी कुणी दखल घेतली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही' असं लिहिलंय. वाटलं होतं. पण ते कबूल केलं, म्हणजे अहंकार आणखी कमी झाला.
सतरा तारखेला उरूस. त्या संध्याकाळी भेंडीच्या सूपच्या मोठ्या पातेल्यावर पळी धरायची, एवढीच इच्छा आहे. खरं तर इच्छा म्हणू नये. इच्छा मी नोव्हेंबरातच सोडल्या.
उद्यापासून दाराजवळच्या मेंढीच्या कातड्यावर बसायचं. नव्या माणसाने तीन दिवस गप्प बसून नुसतं बघायचं, मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या नेझिहेमावशी ठरवणार, ठेवायचं की नाही. गप्प बसणं मला जमतंच.

४ डिसेंबर
बसले. गुडघे दुखले. गप्प राहिले. फक्त एकदा, कांदा चिरताना हाजेरताई दुआ म्हणत होत्या, त्यात एक उच्चार चुकला, तो सांगितला. बाबांनी मला अरबी अक्षरं घरीच शिकवली, उच्चारासकट. चुकीचं ऐकलं की राहवत नाही. हाजेरताई म्हणाल्या, अगं रेफिका, तू गप्प बसलीयस ना? म्हटलं, बसलेच आहे. मग आत्ता कोण बोललं, म्हणाल्या, कातडं?
सगळ्या हसल्या. मी मनातल्या मनात क्षमा केली. एकेकीला, नावानिशी.

५ डिसेंबर
सुकवलेली भेंडी दोऱ्यातून सोडवायला दिली. प्रगती!
मावशींनी विचारलं, घरी कुणाशी अबोला वगैरे नाही ना? इथला जुना नियम आहे, अबोला धरणाऱ्याने पळी धरायची नाही. सूप आंबतं म्हणे. मी म्हटलं, अबोला नाही, मौनव्रत आहे. सगळ्यांशी का, म्हणाल्या. म्हटलं, नाही, फक्त धाकट्या बहिणीशी.
मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. बहुधा इम्प्रेस झाल्या.
(गुल्सुमने माझा लोकरी कोट न विचारता घातला आणि त्यावर डाळिंबाचा रस सांडला. तो मी वैराग्यासाठी घेतला होता. महाग पडला, कारण साधे कोट फारच साधे दिसत होते. राग कोटाचा नाही. मला तिच्या आत्म्याची काळजी वाटते, म्हणून बोलत नाही.)

६ डिसेंबर
तिसरा दिवस. काय सांगू! निघताना बघते तर माझे बूट दाराकडे तोंड करून नीट मांडलेले. बाकी सगळ्यांचे आत तोंड करून. घरी आपण मानाच्या पाहुण्याचे बूट असेच वळवून ठेवतो, निघताना त्याला त्रास नको म्हणून. माझा एवढा मान! आणि इतक्या लवकर! मावशींना थँक्यू म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. भारावल्या असतील.

७ डिसेंबर
बाबांना सांगितलं. ते चहा ढवळायचे थांबले. बूट नक्की बाहेर तोंड करून होते का, असं परत विचारलं. मग म्हणाले, बाळा, घरात तो मान असतो. लंगरात कुणाला तोंडावर 'जा' म्हणत नाहीत, बूट वळवून ठेवतात.
गुल्सुम आतून ओरडली, आणि ही थँक्यू म्हणून आली असणार!
उत्तर दिलं नाही. मौनव्रत.

९ डिसेंबर
मावशींकडे गेले. म्हणाल्या, बूट मीच वळवले. तुला हाकललं नाही गं वेडे, घराकडे पाठवलं. बहिणीशी दोन शब्द बोल आणि उरुसाच्या आत ये. पळी तुझीच.
इतकं सोपं! आजच बोलते.
संध्याकाळ: गुल्सुमला सर्दी झालीय. आजारी माणसाला त्रास नको.

१२ डिसेंबर
सर्दी गेली. पण ती फार खुशीत दिसते. अशा मूडमध्ये माझं बोलणं तिच्या मनात उतरणार नाही.

१४ डिसेंबर
सॉरी कुणी म्हणायचं, हा तात्त्विक प्रश्न आहे. बाबांना विचारलं. म्हणाले, दोघींत मोठी कोण? म्हटलं, मी. मग झालं तर, म्हणाले. बाबांचा अभ्यास हल्ली कमी झालाय.

१६ डिसेंबर
मेसेज लिहिला. शुद्धलेखन तपासलं. फार लांबला होता, म्हणून तिच्या चुकांचा भाग काढला. मग काहीच उरलं नाही. डिलीट.

१७ डिसेंबर, शुक्रवार
उरूस. अंगणात वाटी घेऊन रांगेत उभी राहिले. नम्रतेसाठी रांग उत्तम. पातेल्याशी पोचले तर पळी गुल्सुमच्या हातात!
हाजेरताईंनी नंतर सांगितलं, गुल्सुम मला शोधत आली होती. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुणाशी अबोला? ती म्हणाली, माझा नाही बाई कुणाशी. एक जण माझ्याशी धरून बसलीय, तिलाच शोधतेय. मावशींनी पळीच दिली तिच्या हातात.
तिने माझी वाटी काठोकाठ भरली. वर आणखी भेंड्या घातल्या, मी सोडवलेल्या. म्हणाली, तायडे, गरम आहे. कोटावर सांडू नकोस.
मी तोंड उघडलं. मागची बाई म्हणाली, ताई, पुढे सरका की. सरकले.
डोळ्यांत पाणी आलं ते वाफेमुळे.
सूप आंबलं नव्हतं. दोनदा चाखून पाहिलं.
पक्कं ठरलं. गुल्सुमशी बोलायचं, आणि पहिलं मीच. उद्या, शनिवारी, १८ डिसेंबरला. सकाळी, ती उठायच्या आत.