गिळलेला ‘ना’

रविवार, २० जुलै

मी ‘नामंजूर’ म्हणाले आणि दादांनी माईकवरून माझे आभार मानले!

लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दूध संस्थेचा महिला मेळावा होता. विजयसिंहदादा, म्हणजे माझे थोरले दीर, संस्थेचे चेअरमन. चहा-बिस्किटं झाली, आणि मग दादा जाता जाता बोलावं तसं म्हणाले – मळ्यावरचं दूध संकलन केंद्र बंद करायचा विचार आहे, सगळ्यांनी गावात आणून घालायचं, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय ठेवतोय, तुमचं काय म्हणणं? माईक पहिल्या रांगेत आला. पहिल्या रांगेत मी. चेअरमनच्या घरची ना! उभी राहिले. एकच शब्द म्हणायचा होता. माईक तोंडाशी धरला, घाईघाईत म्हणाले, आणि मांडवभर ऐकू गेलं – ‘मंजूर’.

टाळ्या पडल्या. दादा माईकवरून माझे आभार मानून म्हणाले, “आमच्या वैजयंतानंच मंजूर म्हटलं. आता काय राहिलं?”

बाळाबाई माझ्याकडे बघत होती. मळ्यावर आमच्या शेजारी राहते. नवरा नाही, मूल नाही, एक म्हैस. आम्ही कसंही करून गाडीवरून दूध नेऊ. ती रोज दोन वेळा किटली घेऊन तीन किलोमीटर पाणंदीचा चिखल तुडवणार? म्हैस विकेल आणि मग दिवसभर भिंतीकडे बघत बसेल. येताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी ‘ना’ म्हणाले होते. कुणाला पटवू?

सोमवार, २१ जुलै

ह्यांना फोन केला. हे चंदगड डेपोला कंडक्टर, आठवड्यातून एकदा घरी. म्हणाले, “दादा म्हणतोय तर आसंल काय तरी. तुझं तू बघ.”

बघते!

बुधवार, २३ जुलै

साक्षीदार मिळाला!

सकाळी दूध घालून निघाले तर खिजरचाचा केंद्राच्या पायरीवर बसलेले. खिजर मुल्लाणी. शहरात, गंगावेशीत त्यांचं लाऊडस्पीकरचं गोडाऊन आहे, पण जिल्हा त्यांना ओळखतो तो कुस्तीच्या मैदानातला निवेदक म्हणून. मेळाव्याला माईक त्यांचाच होता.

“पोरी, तू नामंजूर म्हणालीस न्हवं?”

मला रडूच यायला लागलं.

“मशीनजवळ बसलोतो मी. तुझं तोंड बघत होतो. ‘ना’ गिळलीस बघ. माईकला पोचला तो नुसता मंजूर.”

मी म्हणाले, आता काय उपयोग. तर म्हणाले, “मेळावा म्हंजे चहा-बिस्कीट. खरं काय ते वार्षिक सभेत. तिथं एकानं जरी नामंजूर म्हटलं तरी हात मोजाय लागत्यात. कोण बोललंच न्हाय तर ज्याचा आरडाओरडा मोठा त्याचं खरं. पावसाळ्यात मैदानं बंद. मी रिकामाच हाय. ये गंगावेशीत.”

“भाषण शिकवणार मला?”

“भाषण कशाला? एक शब्द शिकवतो. त्यातला पण निम्माच.”

गुरुवार, ३१ जुलै

पहिला तास. कर्णे, पेट्या, वायरींची वेटोळी, आणि मधे एका खुर्चीवर मी.

चाचांनी आधी स्वतःची फजिती सांगितली. तरुणपणी एका जत्रेच्या मैदानात अशोक नावाच्या पैलवानाला पुकारायचं होतं. घाईत ‘अ’ गिळला. माईकवरून गेलं – ‘शोक!’ हलगी बंद. लोकांनी डोक्यावरचे पटके काढले. कोण गेलं, कोण गेलं! आणि अशोक बिचारा लंगोट कसून उभा!

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

मग काम. आधी तोंड उघडायचं, मग श्वास, मग शब्द. मी उलटं करते – शब्द आधी सुटतो, तोंड मागून उघडतं. म्हणून पहिलं अक्षर दातांआड राहतं. ‘ना’ पोटातून काढायचा. काढला. गोडाऊनमधली मांजर उठूनसुद्धा बसली नाही.

रोशनबीचाची चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “ह्यांच्याकडनं ‘ना’ शिकालीस व्हय? आमच्या घरात ह्यांना ‘व्हय’ सोडून काय येत न्हाय.”

चाचा म्हणाले, “व्हय.”

शनिवार, २ ऑगस्ट

तेजस्वी वारणानगरहून आली. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, हॉस्टेलवर असते. तिला सगळं सांगितलं तर नाचायलाच लागली. मोबाईलवर माझं रेकॉर्डिंग केलं आणि मलाच दाखवलं.

“आई, बघ. ‘नामंजूर’ म्हणताना तू हसतीस.”

खरंच की! नाही म्हणताना मी हसते. माफी मागितल्यासारखं. किती वर्षं हसत आले असेन कुणास ठाऊक. मग तिने आरशासमोर उभं केलं. ती म्हणायची, मी तिच्यामागून म्हणायचं. पोरीचा ‘ना’ काय खणखणीत आहे! मला काही तो जमला नाही.

दादांनी तिच्यासाठी वडगावचं स्थळ पाहिलंय. तिला एमएस्सी करायचंय. बघू नंतर. आधी सभा.

गुरुवार, ७ ऑगस्ट

भाजीवाली म्हणाली, मेथीची अजून एक पेंडी देऊ? ‘ना!’ पोटातून. घाबरली बिचारी. शेवटी दोन घेतल्या.

गुरुवार, १४ ऑगस्ट

चाचांनी आज नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. “भ्या कुणाचं हाय तुला? सभेचं, का विजयसिंहांचं?”

सभेचं कसलं भ्या. ह्यांच्या एसटीला अपघात झाला तेव्हा दवाखान्यात दादाच दिवसरात्र बसले होते. तिथेच, सीपीआर हॉस्पिटलच्या जिन्यावर डबा खायचे. तेजस्वीला वारणेच्या कॉलेजात प्रवेश घ्यायलाही तेच आले. अशा माणसाला चारचौघांत नाही कसं म्हणायचं? ते वाईट असते तर किती सोपं झालं असतं!

चाचा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “सभेला माईक माझाच हाय. पण ध्यानात ठेव – मी तुला माईक देणार न्हाय. संस्थेनं सांगितलेलं काम हाय, चेअरमन म्हणंल त्याच्याच हातात माईक. तिथं मी तुझा कोण न्हाय.”

राग आला मला. मग हे सगळं कशासाठी? तसंच तोंडावर म्हणाले. तर म्हणाले, “आत्ता कसा पोटातनं आला आवाज!”

माईकशिवाय कसं ऐकू जाणार, ते मग सांगितलं. मैदानात हलगी वाजत असते तेव्हा निवेदक तिच्या वरताण ओरडत नाही. थांबतो. हलगीवाला दम घेतो, तेवढ्या फटीत नाव पुकारतो. “गर्दी पण दम घेती पोरी. मंजूर मंजूर वरडू दे त्यास्नी. दमली की मग तू.”

गुरुवार, २१ ऑगस्ट

पंचगंगा पात्राबाहेर. गंगावेशीत जाता आलं नाही. ओढ्याच्या ह्या काठावर मी, त्या काठावर बाळाबाई. तिला म्हटलं, ऐकू आलं की हात वर कर. पाण्याचा आवाज मोठा होता. बऱ्याच वेळाने तिने हात वर केला.

नंतर म्हणाली, “मगाधरनं ऐकू येत होतं. पण तू वराडतीयास ते बरं वाटत होतं.”

बोलली माझ्याशी!

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीजेवण दादांकडे. मी वाढत होते. दादा म्हणाले, “वैजयंता, सभेला म्होरं बस. सात नंबरचा विषय मळ्याचा. सचिवांनी वाचला की तूच पहिल्यांदा मंजूर म्हण. घरच्या बाईनं म्हटलं की बाकीच्यांची तोंडं गप्प.”

मी मान हलवली. हसलेसुद्धा. हातातली पुरणपोळी त्यांच्या ताटात वाढली.

भाजीवालीपुढे वाघ, दादांपुढे शेळी. महिना पाण्यात गेला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

शेवटचा तास. गौरीचं चाचांना सांगितलं. रागावले नाहीत. “मान हलवलीस न्हवं? मान कुठं मोजत्यात? हात मोजत्यात.”

रविवार, १४ सप्टेंबर

सभा झाली.

पहिल्या रांगेत बसले नाही. मागे, मळ्यावरच्या बायकांत बसले. दादांनी दोनदा मान उंच करून पाहिलं. चाचा मशीनजवळ होते, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सचिव नेहमीसारखे भरभर वाचत होते – विषय क्रमांक एक – मंजूर, मंजूर! दोन – मंजूर, मंजूर! पत्र्यावर पाऊस, खाली ओरडा. कोण काय ऐकतंय? चार आणि पाच तर एकातच उरकले.

सात. ‘मळ्यावरील संकलन केंद्र बंद करून–’ वाक्य पुरं व्हायच्या आतच मंजूर सुरू. मी उभी राहिले. तोंड उघडलं. आणि थांबले. त्या थांबण्याला काय लागतं ते मलाच माहीत! पुढची पोरं हात उडवून ओरडत होती. मंजूर! मंजूर! मंजूर... आणि दमली.

“नामंजूर!”

माझाच आवाज. पत्र्याला लागून परत आला. ‘ना’ आधी आला, मंजूर त्याच्या मागून.

सगळे वळले. दादांनी डोळ्यांवरून चष्मा काढला. “कोण बोललं?”

“मी. वैजयंता कृष्णात चौगले. सात नंबर नामंजूर. हात मोजा.”

हसले नाही मी. तेजस्वीची शप्पथ, हसले नाही.

दादांनी चष्मा परत चढवला. सभा तशीच पुढे रेटली असती तर कुणी काही केलं नसतं. पण म्हणाले, “मोजा. नियम हाय.” माणूस तसा सरळ आहे, म्हणून तर सगळं अवघड जातं. केंद्र चालू राहावं म्हणणाऱ्यांचे हात. बाळाबाईचा पहिला. मग मळ्यावरच्या साऱ्या बायका, मग वस्तीवरचे बाप्ये, मग गावातलेही काही, ज्यांच्या लेकी मळ्यावर दिल्यात. सचिवांना दोनदा मोजावं लागलं.

विषय पडला. केंद्र चालू राहणार.

बाळाबाई येताना सगळ्या वाटेवर बडबडत होती. म्हशीला सांगणार आहे म्हणे!

सोमवार, १५ सप्टेंबर

चाचांचा फोन. मला वाटलं शाबासकी देतील. “झ्याक! पण येक चुकलीस. सगळ्यांचं हात वर, तुझाच खाली. आपलंच मत द्यायचं इसरलीस की!”

खरंच! आवाजाच्या नादात हात वर करायचाच राहिला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पितृपंधरवडा. मामंजींचा म्हाळ दादांकडे. माझ्याशी कुणी भांडलं नाही. कुणी बोललंही नाही. जाऊबाईंनी वाढायचं पातेलं हातातून काढून घेतलं – “ऱ्हाऊ दे, तुम्ही बसा.” पाहुण्यासारखं बसवून वाढलं मला. भाजी कसली होती ते आठवत नाही.

केंद्र जिंकले, घर हरले. आता वाटतंय, हे कुठेतरी भरून काढायला हवं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. संध्याकाळी दादा स्वतः मळ्यावर सोनं द्यायला आले! मी पाया पडले तर माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, “सभंचं सभंत. घरचं घरात. वडगावचं पावणं रविवारी येत्यात. पोरगं चांगलं हाय, कारखान्यात हाय, पोरीला शिकू पण देतील म्हणालेत. आता ह्याला तरी न्हाय म्हणू नको.”

“न्हाय म्हणत न्हाय, दादा,” मी म्हणाले. लगेच. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! हेसुद्धा खूश झाले. जाऊबाईंनी रात्री बासुंदी पाठवली.

तेजस्वीला फोन करून सांगितलं, शनिवारी ये, साडी काढून ठेवते. ती गप्प. म्हटलं, ऐकतीयास न्हवं? म्हणाली, “ऐकतीय.”

म्हणजे तिची तशी हरकत नाही. असती तर बोलली असती.

रविवार, ५ ऑक्टोबर

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी पोरगी पसंत म्हणून सांगितलं. दादा आमच्याकडे वळून हसत म्हणाले, “मग, आमच्याकडनं मंजूर धरायचं न्हवं?” हे हसले. मीही हसले. तोंड उघडलंच नाही.

सगळ्यांचं हसून संपलं. तेवढ्या फटीत दारातून तेजस्वी म्हणाली, “नामंजूर.”

‘ना’ गिळला नव्हता.

दादा माझ्याकडे बघत राहिले. हे माझ्याकडे बघत राहिले.

मी हात वर केला.