आबांचा रविवार

आबा,

मागच्या रविवारी मी चर्चला गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. मी अजून बारामतीतल्या त्याच दवाखान्यात सिस्टर आहे. सहा दिवस ड्यूटी, आणि सातव्या दिवशी तुमची लेक त्याहून जास्त राबते. सकाळी मुलांची शब्बाथशाळा, मग उपासना, गाण्यांचा सराव, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, आणि या सगळ्यांना चहा. चर्चचे पाळकसाहेब विश्रांतीच्या दिवसावर बोलतात तेव्हा मी मागं कप विसळत असते. याला मी सेवा म्हणत आले, आणि मनातून फुशारतही आले.

तुमचा रविवार आठवतो. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा बॉयलर थांबत नाही, मग ठरावीक सुट्टी कसली? तर तुम्ही तोड काढली होती. दिवाळी, संक्रांत, गावची जत्रा, दुसऱ्यांच्या सणांच्या पाळ्या तुम्ही करायच्या, आणि त्यांनी तुमचे रविवार. तुमच्या पाळीतले फिटर तात्या आईला म्हणायचे, "वहिनी, ह्यो मानूस हाय म्हनून आमची पोरं बापासंगं दिवाळीची आंघोळ करत्यात." आणि एवढं करून मिळवलेल्या रविवारी तुम्ही काय करायचात, तर उपासनेहून कळंबच्या घरी येऊन लिंबाखाली खाट टाकून पडायचात. आईलाही चूल पेटवू द्यायचा नाहीत. शनिवारच्या भाकरी, दही, चटणी, तेही तुम्हीच वाढायचात. आई सुरुवातीला बावरायची. मग तीही तुमच्या पायथ्याशी टेकायची, हातात निवडायला काही न घेता.

मला मात्र लाज वाटायची. नर्सिंगला असताना एकदा सुट्टीत आले आणि तुम्हाला बोलले, "आबा, चर्चच्या मंडळीतली माणसं गावोगाव प्रार्थनेला जातात, आणि तुम्ही इथं लोळताय."

तुम्ही उठलासुद्धा नाहीत. म्हणालात, "देवानं बस म्हनलं तर बसावं, पोरी. आपुन उठून त्यालाच मदत करायला लागलो तर त्यो काय म्हनंल?"

मी फणकाऱ्यानं आत गेले. तेव्हा मला वाटायचं, देवाचं माझ्यावाचून अडतंय. अगदी परवापर्यंत वाटत होतं.

गेल्या महिन्यात मी इंजेक्शन भरलं आणि भलत्याच खाटेपाशी जाऊन उभी राहिले. खाटेवरची लोणी भापकर गावची म्हातारी हात मागं घेत म्हणाली, "सिस्टर, माझं मगाशीच झालं की वं. तुमाला बरं न्हाय व्हय?" मी सॉरी म्हणून पुढच्या खाटेकडे वळले. तिनं गुमान दंड पुढं केला असता तर? आबा, मला खरीखुरी भीती वाटली. घरी येताना रस्ताभर तुमची खाट डोळ्यांपुढे होती.

म्हणून ठरवलं, एक रविवार सुट्टी घ्यायची. पण "आज मी विश्रांती घेणार" असं मंडळाच्या ग्रुपवर लिहायला बोटं धजेनात. मी लिहिलं, "ताप आहे." तुम्ही सरळ बोलून सुट्टी घ्यायचात, मला ते जमलं नाही.

उपासना सुटल्यावर मंडळाच्या पाच जणी पेजेचा डबा घेऊन दारात. मी पळत जाऊन पलंगावर चादर ओढून घेतली. नवरा हसू दाबत बाजूला झाला. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या ताईनं तुझ्यासाठी लई केलंय, तिचा ताप काढून टाक." एकीला रडू आलं. जाताना, चपला घालता घालता, त्यांनी माझी सगळी कामं आपसात वाटून घेतली. कुणाला जडही गेलं नाही. इतकी वर्षं मीच कुणाला हात लावू दिला नव्हता.

दुपारभर मी पडून होते, पण त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. या रविवारी त्या तापाचं विचारतील, तेव्हा खरं सांगून मग घरी येऊन पडायचं, असं ठरवलंय. जमेल की नाही, माहीत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. ती प्रार्थना संपली तेव्हा चादरीतून मीही आमेन म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.