१९६ वळणार

३ नोव्हेंबर, सोमवार
यमुना बंगळुरूला गेली, लेकाकडे, जितेशकडे. नातीला सांभाळायला. मलाही बोलावत होती. मी मुद्दाम थांबलो. रिसर्च आहे.
विषय: १९६. कुठलाही आकडा घ्या, उलटा करा, त्यातच मिळवा. ५७ अधिक ७५, १३२. १३२ अधिक २३१, ३६३. पुढून-मागून सारखा! बहुतेक आकडे असे मुकाट वळतात. १९६ अजून कुणालाच वळलेला नाही. कॉम्प्युटर थकले. पण कॉम्प्युटरला चिकाटी कुठली?
उद्यापासून पहाटे पाच ते आठ बेरजा.

४ नोव्हेंबर
साडेनऊला उठलो. उद्यापासून नक्की.
फ्लॅट छान शांत आहे. टीव्ही लावून ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार
यमुनाचा फोन. "जेवलात का?" म्हटलं, एकोणीस अंकी झालाय! म्हणाली, "हळू बोला, बाळ झोपलंय."

१२ नोव्हेंबर, दुपार
वळला!!! तेवीस अंकी. दोन्हीकडून सारखा.
सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला. तो बहुधा वरच्या टँकरच्या मेसेजला. रविवारी हॉलमध्ये माझं व्याख्यान. पन्नास खुर्च्या पुरतील का?

१६ नोव्हेंबर, रविवार
श्रोते: एक. सांडोर गावचे पास्कल. लेकीकडे, बी विंगच्या रोवेनाकडे केळी घेऊन आलेले. ती घरी नव्हती, म्हणून हॉलमध्ये टेकले. मन लावून ऐकत होते.
फळ्यावर बेरजा मांडताना दिसलं, नवव्या ओळीत हातचा एक घ्यायचा राहिलाय. म्हणजे पुढचं सगळं बाद. आवाज चढवून तसंच रेटलं. पास्कलनी टाळ्या वाजवल्या.
मग विचारलं, "घरी कोन असतं तुमच्या?" म्हटलं, रिसर्चला एकांत लागतो. म्हणाले, "जेवायला या ना सांडोरला. आमीपन दोघंच." वेळ नाही म्हटलं. तेवढ्यात रोवेना आली, ते गेले.
खुर्च्या मीच आवरल्या. व्यायाम झाला.

१७ नोव्हेंबर
यमुनाला फोन केला. म्हटलं, रिसर्च संपल्यात जमा आहे, तिकीट काढतो. ती म्हणाली, "अहो, सूनबाईचे आईवडील आलेत. खोली त्यांना दिलीय. जानेवारीत बघू." म्हटलं, बरंच झालं, मलाही कुठे सवड आहे. ती म्हणाली, "ठेवते हं, दूध उतू जातंय."
हातच्याचं सांगायचं राहिलं होतं. फोन कानालाच होता. सांगून टाकलं. सगळं, पहिल्या बेरजेपासून. मधे कुणी टोकलं नाही.