लाँड्रीत भेटलेला ओळखीचा माणूस

ताई, तुला आणि भावोजींना धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. ती गल्ली सोडून सहा महिने झाले. आता मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर वाफ लागून गाल असे लाल झालेत की तू म्हणशील, हिला भलतंच मानवलंय!

परवा मात्र एक प्रकार घडला. कोट न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला ओळखलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अगं, तू इथे? धंदा सोडलास वाटतं?"

मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले. तेवढ्यात मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "तिने सोडला. तुम्ही कधी सोडणार?" कामावरच्या सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. कोट तसाच टाकून तो पळाला.

मी रडत रडत बाईंना सगळं सांगितलं आणि पिशवी उचलली. तर त्या माझ्यावरच खेकसल्या, "निघालीस कुठे? एवढ्या चादरी काय मी करू?"

आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा हा मधला मजकूर गाळ. तिचे गुडघे कसे आहेत? माझा विषय निघाला की बाबा अजून उठून जातात का? जात असले तरी मला खरं ते कळव.

मी भाड्याने खोली घेतली आहे. दोघी जेमतेम मावू एवढीच, पण कडी आतून आहे, ताई. दार कुणाला उघडायचं ते आता मी ठरवते. तू ये.

तुझीच,
धाकटी