जावयाने न बघायची मोरी

मित्याना, ३ मे १९९४

चि. नामुद्दूस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण पंधरा दिवस या घरात बसवतच नाही. शी! स्वयंपाकघरातली मोरी तुंबली म्हणून त्या किवुवा गवंड्याला बोलावलं. मेल्याला नवा खड्डा खणायचा कंटाळा! मोरीचा पाइप सरळ संडासाच्या खड्ड्यात सोडला आणि हात झटकून मोकळा झाला. आता मी पातेलं विसळायला वाकले की तो भपकारा थेट तोंडावर येतो. काल शेंगदाण्याच्या रश्श्यात झुरळ निघालं, मिशांसकट. किवुवाला बोलले तर म्हणतो कसा, म्हातारे, तुझं नाकच तिखट आहे.

महिनाअखेरीला आपल्या धाकट्या नाकिबुलेला मागणी घालायला मुलाकडची मंडळी येणार. दारातूनच नाक दाबून परत गेली तर पोरीचं काय करू?

तुझ्या माणसाला यातलं अक्षर कळता कामा नये. तो इस्पितळाचे नळ सांभाळतो, ठाऊक आहे मला. पण आपल्यात जावई सासूसमोर येत नाही, तिच्या वस्तूला शिवत नाही; त्यानं तिच्या मोरीत हात घालायचा? तुझा कड्डूमामा विसरलीस? सासूच्या पेल्यातून पाणी प्यायला, तेव्हापासून हात असे कापतात की चहा कपात कमी नि मांडीवर जास्त. नळवाल्याचे हात गेले तर तुम्ही खाल काय?

लोभ आहेच, आणखी काय मागू?
तुझी आई

एंटेबे, ९ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

तू सांगू नकोस म्हणालीस, म्हणून त्याच दिवशी सांगितलं. रागावू नकोस. आमचे सेम्पाला आधी पोट धरून हसले, मग त्यांनी विचारलं की झुरळं मोरीच्या तोंडातूनच येतात का. मी हो म्हटल्यावर म्हणाले, पाइपाला पाणी धरून ठेवणारा बाकच ठेवलेला नाही, वास अडणार कशाने? निघायलाच उठले होते. मी म्हटलं, तुम्हाला अंगणात बघून आई फणसावर चढून बसेल.

त्यांचं म्हणणं, तू दोन दिवस मावशीकडे जा. सासू घरात नसली तर ते सासूचं घर कसलं, नुसत्या चार भिंती.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी नामुद्दू

मित्याना, १६ मे

चि. नामुद्दूस अ. उ. आ.

चार भिंती म्हणे! त्या भिंतींवर माझी फडकी वाळतात, कोपऱ्यात माझं अंघोळीचं घंगाळ आहे. ते जावयानं बघायचं? लाज कशी वाटत नाही ग तुम्हाला!

किवुवाला पुन्हा आणला. मोरीत काहीतरी कोंबून वर सिमेंट ओतून गेला. आगीतून फुफाट्यात! आता पाणी जात नाही, हिरवं होऊन बुडबुडतं, नि काल त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. मी अंगणात जाऊन ओकले.

आणि काल मुलाची आत्या घर बघायला आली. मी पहाटे उठून तिच्यासाठी लुवोम्बो केला होता, अख्खी कोंबडी केळीच्या पानात बांधून उकडलेली. बाईनं डोक्याचा रुमाल सोडून नाकाला लावला नि पुडकं न उघडताच मागे सारलं. नामुद्दू, माझ्या हातचं पुडकं आजवर कुणी न सोडता परत केलं नव्हतं. रात्रभर रडले.

गुरुवारी मी मुबेंडेला मावशीकडे जाते आहे, रविवारी परतेन. तिकडे केळी स्वस्त आहेत, म्हणून. नाकिबुलेलाही नेते. किल्ली उखळाखाली असते, हे तुला लहानपणापासून माहीत आहेच. बाकी मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

आशीर्वाद.
तुझी आई

एंटेबे, २३ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

हे काल परतले. अंगाला असा वास की मी त्यांना दारातच तीनदा साबण लावायला लावला. सिमेंट फोडल्यावर आत काय निघालं असेल? किवुवाची रबरी चप्पल! मेल्यानं बूच म्हणून स्वतःची चप्पल कोंबली होती. खाली बोटभर जाड चरबी, त्यात केळ्याच्या साली नि केसांचे गुंते. सांगताना यांनी जेवण बाजूला सारलं.

आता मोरीला वेगळा खड्डा आहे नि पाइपाला बाकही आहे. तुझी फडकी नि घंगाळ यांनी चादरीनं झाकली, चादर टाकताना मान फिरवून. भाकरी घरात खाल्ली नाही, फणसाखाली बसून खाल्ली.

आता तरी हसशील ना ग?
तुझी नामुद्दू

मित्याना, ३० मे

चि. नामुद्दूस अ. उ. आ.

मंडळी येऊन गेली. आत्याबाईनं दोनदा मागून खाल्लं, वर बोटं चाटली. तिचं ते चाटणं बघूनही मला किळसच आली, पण ते असो. नाकिबुलेचं जमलं.

टॅक्सीवाल्याबरोबर लुवोम्बो पाठवते आहे. जावयासाठी नाही, नळवाल्यासाठी. गाठ मी मुद्दाम घट्ट मारली आहे. तू सोडू नकोस, सुरीही देऊ नकोस. त्याला त्याच्या बोटांनी सोडू दे नि तू नीट बघ. खरं काय ते कळव. त्याचं बोट जरी थरथरलं ना, तर पहार घेऊन ती मोरी मी पुन्हा फोडीन नि मरेपर्यंत त्या घाणीत रांधीन.

वाट बघते.
तुझी आई

एंटेबे, २ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

सोबत तुझ्या पुडक्याची केळीच्या सोपटाची दोरी परत पाठवते आहे. कुठेही तोडलेली नाही, पुन्हा वापर.

तुझी नामुद्दू