दहा उपवासांचा शब्द आणि माझं काळीज

निपाणी, श्रावण वद्य दशमी

ती. राजमती आक्काच्या चरणी धाकट्या बाळगोंडाचा जयजिनेंद्र. सदलग्यात सगळे बरे असाल. तुझा गुडघा कसा आहे? (जिना चढू नको म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, हे ठाऊक असूनही लिहितो.) फोन करणार होतो, पण हल्ली बोलताना माझा आवाज कापतो आणि सगळ्या घराला कळतं. बाकी तब्येत उत्तम आहे. फक्त परवा मरता मरता राहिलो.

झालं असं, की येत्या पर्युषणात दहाही दिवस उपवास करीन, असं मी बस्तीत, भगवंतासमोर, माईकवर बोलून बसलो. बोलायचं नव्हतं. शेजारच्या आण्णाप्पाने आपले पाच सांगितले आणि माझ्या तोंडून दहा निघाले. आता चौकात डिजिटल फलक लागलाय, त्यावर माझा फेट्यातला फोटो आहे (पोराच्या, वृषभच्या लग्नातला, तेव्हा मी बारीक होतो). म्हणून सरावाला परवा अष्टमीचा उपवास धरला. सकाळी एकदाच गाळलेलं पाणी घेतलं आणि त्याबरोबर रोजची शुगरची गोळी गिळली. गोळी म्हणजे काही जेवण नव्हे, असं मला वाटलं.

अकराच्या सुमारास, अभिषेक चालू असताना, हातातला कलश थरथरू लागला. घाम फुटला, काळीज धडधडायला लागलं, भगवान एकाचे दोन दिसू लागले, आणि णमोकार म्हणावा तर जीभ हलेना. सून क्षमाने ओळखलं. मला खांबाआड ओढून तिने तोंडात गूळ कोंबला. म्हणाली, "मामा, चावा आधी. पाप लागलं तर मला लागू दे."

दवाखान्यात सौम्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर माणूस काढून दाखवला. गोळीने रक्तातली साखर उतरवली, वरून घास आला नाही. मेंदू तर साखरेवरच चालतो, आणि त्याच्याकडे साठा नसतो. त्याने हाक दिली. मूत्रपिंडावरच्या दोन चिमुकल्या ग्रंथी उठल्या, काळीज पळू लागलं, छाती भराभर श्वास ओढू लागली, यकृताने आपलं कोठार उघडलं. "सगळी तुमच्यासाठी झटत होती, काका. तुम्ही तेवढे साथीला नव्हता," असं त्या म्हणाल्या. आक्का, मी यालाच जास्त घाबरलो. साठ वर्षं मला वाटत होतं, आत मी एकटा आहे. तिथे अख्खं एकत्र कुटुंब निघालं, आणि एकाची चूल विझली की सगळ्यांची धावपळ. तेव्हापासून मी नाडीवर बोट ठेवूनच बसतो. (एकदा नाडी सापडली नाही. क्षमाने सांगितलं, बोट चुकीच्या जागी आहे.) दहा उपवास केलेत तर एकामागून एक सगळे दमतील, असं बाईंनी स्पष्ट बजावलंय. मी विचार करतो म्हणालो.

तरी तू काळजी करू नकोस. मी घाबरलेलो नाही.

तुझा
बाळगोंडा

ता. क. भाद्रपद पंचमीला पर्युषण बसतं, त्याच्या आत निपाणीला ये. बस्तीत सगळ्यांसमोर मला उपवासावरून झाप. तुझ्यापुढे बोलायची इथे कुणाची छाती नाही. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा ऐकेन.

दुसरा ता. क. हे पत्र फाडून टाक.

तिसरा ता. क. लोक बघत असले की मला माघार घेता येत नाही. तिसऱ्यांदाही नाही म्हणालो, तर माझं ऐकू नकोस. मला मरायची फार भीती वाटते, आक्का. हाताला धर आणि घरी ने.