सहा पानांनंतर निळा कागद

कर्वेनगर, पुणे
सोमवार, ६ जानेवारी २०२५

आदरणीय युसूफमामू यांस,
जिनतचा सलाम. वि. वि.

एकाच शहरात राहून पत्र कसलं लिहिते, असं मामी विचारतीलच. फोनवर दहा मिनिटं बोलले की बाकीचा दिवस आडवं पडून जातो. पत्र चार बैठकांत लिहिता येतं. जावेदचं वर्कशॉप तुमच्या कात्रजलाच आहे, बायकोचं टपाल तो पोचवेल.

दीड वर्षापूर्वीचा ताप गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, औषध नाही. आंघोळ केली की तासभर पडावं लागतं. ईदला तुम्ही म्हणालात, रोज तळजाईची टेकडी चढ, आळस झडून जाईल. मी हसले, कारण उत्तर द्यायला ताकद नव्हती.

आता काम. धरणात बुडणाऱ्या गावाची एक सातशे पानांची कादंबरी आहे. वर्गातल्या मुलींना ती वाचा म्हणून वर्षानुवर्षं सांगत आले, स्वतः कधी पुरी केली नाही. आता वेळच वेळ आहे, पण ती हातात धरली की मनगटं भरून येतात आणि मोबाइलवर वाचलं की डोकं गरगरतं. सोबत पाठवतेय, तुम्ही तिचे पातळ भाग करून द्याल का? चांगल्या पुस्तकाला सुरी लावायला सांगतेय, रागवाल. रागावून का होईना, करा.

तुमच्या लोभातली,
जिनत


कात्रज
बुधवार, ८ जानेवारी

चि. जिनतला मामूच्या अनेक दुआ. वि. वि.

पहिले तीन भाग पाठवतोय. अठ्ठेचाळीस वर्षं बाइंडिंग केलं, फाटलेलं जोडलं. धडधाकट पुस्तक उसवलं ते आजच. तुझ्या मामीने तर सुरी लपवून ठेवली होती.

सोळा-सोळा पानांचे फर्मे असतात, तिथे उसवणं सोपं. पण तिथे वाक्य अर्धवट तुटत होतं. गावचा घड्याळजी दाराच्या कडीला हात लावतो आणि फर्मा संपतो! बरी जागा शोधायची म्हणून वाचायला बसलो. खरं सांगतो, हजारो पुस्तकं या हातांखालून गेली, वाचलं एकही नाही. सातवी पास माणूस मी, ओळीखाली बोट ठेवून वाचतो. पण तो घड्याळजी घर सोडून गेला कुठे, हे कळल्याशिवाय आता जेवण जात नाही. परीक्षा कधी आहे, असं मामीने दोनदा विचारून झालं.

तळजाईचं मी बोललो खरं. आता नीट विचारतो: हा थकवा असतो कसा? दिवसभर शिवण केल्यावर माझे खांदे भरून येतात, तसा?

उत्तराची वाट पाहणारा,
युसूफमामू


कर्वेनगर
रविवार, १२ जानेवारी

आदरणीय मामूंना सलाम. वि. वि.

अक्षर जावेदचं, बोल माझे. शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच्याच.

तुमचा एकेक भाग वहीइतका हलका आहे. गुरुवारी चार पानं वाचली, शुक्रवारी सहा. शनिवारी हाव सुटली. घड्याळजीची बायको दुकानातली सगळी घड्याळं एका वेळेला लावते, तिथून थांबवेना. उरलेला पहिला आणि अख्खा दुसरा भाग संपवला. आज केस विंचरायला हात वर जात नाही. जावेदने विंचरले, भांग नागमोडी आहे.

तुमचा थकवा झोपल्यावर जातो, मामू. माझा माझ्याबरोबर झोपतो आणि माझ्याआधी उठतो. शिवाय केलेल्याचा त्रास दुसऱ्या दिवशी होतो, त्यामुळे करताना थांबायचं कुठे तेच कळत नाही.

शाळेने गुरुवारपर्यंत कळवायला सांगितलंय: पूर्ण वेळ रुजू होणार, की राजीनामा देणार. एकोणीस वर्षं झाली तिथे. रोज दोनच तास शिकवू द्या असं विचारावं, असं जावेदचं म्हणणं. नाही म्हणाले तर? म्हणून विचारतच नाही.

घड्याळजीचं पुढचं काही सांगू नका. दुआ असू द्या.

जिनत


कात्रज
मंगळवार, १४ जानेवारी

चि. जिनतला दुआ. वि. वि.

काल तुझं पत्र वाचलं आणि बसने थेट तुझ्याकडे आलो. तू झोपली होतीस, तासभर बसलो. चादर तोंडावर आली होती. तू जागी झालीस, पण ती बाजूला सारायला हात उठला नाही. जावेदने सारली. आळशी माणसं मी ओळखतो, तीन तर माझ्याकडे कामाला होती. तू त्यांतली नाहीस. ईदला बोललो ते चुकलं, बेटा. माफ कर.

उरलेल्या सगळ्या भागांत दर सहा पानांनंतर एक कोरा निळा कागद शिवलाय; शेवटचे काही भाग माझं वाचून झालं की पाठवतो. निळा कागद आला की पुस्तक मिटायचं, मग घड्याळजी विहिरीत पडलेला का असेना. (पडलेला नाही. घाबरू नकोस.)

शाळेला विचार. नाही म्हणायचं तर ते म्हणतील. त्यांचं काम तू कशाला करतेस?

तुझा,
युसूफमामू


कर्वेनगर
शनिवार, १८ जानेवारी

आदरणीय मामूंना सलाम. वि. वि.

विचारलं. मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी आल्या. दोन तासांची जागा नियमात बसत नाही म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटत होतं, चहा तसाच राहिला. गुरुवारी राजीनामा दिला. जावेदने शाळेतल्या माझ्या कपाटातलं सामान आणलं आणि मी रडले. रडूनही अंग गळून जातं, हे नव्यानेच कळलं.

मग निळ्या कागदापर्यंत वाचलं आणि थांबले. काल तेवढंच, आज तेवढंच. एका वाक्यावर दुपारभर विचार करत पडून राहते. एवढ्या हळू मी कधी वाचलंच नव्हतं. मुलींनाही सारखं पुढे, पुढे असंच म्हणत आले. आज केस माझे मी विंचरले.

या वेगाने कादंबरी संपायला एप्रिल उजाडेल. तुमची संपली का? मग आता दुपारी करता काय?

मामींना सलाम. पत्र लवकर धाडा.

जिनत


कात्रज
सोमवार, २० जानेवारी

चि. जिनतला अनेक दुआ. वि. वि.

परवा संपली. शेवट सांगणार नाही. एवढंच सांगतो की मामीला चहा तीनदा गरम करावा लागला.

शाळेचं वाचून वाईट वाटलं. आज उठून पेठेतल्या वाचनालयात गेलो. तीस वर्षं त्यांची फाटकी पुस्तकं नेतो-आणतो. ग्रंथपाल स्वरालीताईंनी मला बघताच शिवायचा गठ्ठा पुढे केला. मी म्हटलं, तो राहू द्या, आज सभासद व्हायला आलोय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग नाव लिहिलं, वय त्र्याहत्तर लिहिलं आणि काय वाचायला आवडतं ते विचारलं. कपाटांपुढे उभा राहिलो. कितीतरी पुस्तकांच्या पाठी माझ्याच हातच्या. आत काय आहे, ते एकाचंही ठाऊक नाही. कार्ड घेऊन रिकाम्या हाताने परत आलो.

तेव्हा सुरुवात कशापासून करू, ते तू लिहून पाठव. एकाच पुस्तकाचं नाव लिही, मी सावकाश वाचतो. दर रविवारी दुपारी येईन, अडलेले शब्द वहीत उतरवून आणीन. तुला झोप लागली तर बसून राहीन.

लोभ आहेच, शिकवताना फार रागवू नये, ही विनंती.

युसूफमामू